डावा पट्टा

"उचल," उस्ताद म्हणाले.

मुलीने बटण दाबलं नाही. क्रेनचा रिमोट तिच्या हातात होता आणि समोर तीन टनांची मोटर नायलॉनच्या दोन पट्ट्यांत अडकवून तयार होती. पट्टे स्वतः उस्तादांनी घातले होते. उस्ताद म्हणजे तिचे वडील, पण कामावर 'बाबा' म्हणायचं नाही, असं त्यांनीच घरून निघताना बजावलं होतं. क्रेनवरचा तिचा हा पहिला दिवस. जमलं नाही तर उद्यापासून परत स्टोअरमध्ये, हे साहेबांनी कालच ऐकवलं होतं. ते आत्ता हाताची घडी घालून बाजूलाच उभे होते.

"अगं, उचल की! मुहूर्त काढायचाय का?"

"नाही उचलणार, उस्ताद. डावा पट्टा बाद आहे."

वेल्डरने हातातलं काम थांबवलं. उस्तादांच्या पट्ट्याला नाव ठेवायची अठ्ठावीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती, आणि आज ठेवलं ते घरच्याच पोरीने! तिने पुढे होऊन बोट ठेवलं. पट्ट्याच्या काठाला नखाएवढा चिरा होता आणि त्यातून आतला लाल धागा डोकावत होता. लाल धागा दिसला की पट्टा बाद, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. पाठ करून घेणारे समोरच उभे होते.

उस्तादांनी वाकून पाहिलं. चिऱ्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा पाहिलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अरे, पोरीची परीक्षा घेतली उस्तादांनी!" वेल्डर ओरडला.

मग काय, सगळे हसत सुटले. साहेबसुद्धा हसले आणि म्हणाले, "पास!" कुणीतरी चहा सांगितला. उस्तादांनी दुसरा पट्टा आणला, तो तिच्याच हातात दिला आणि तिचा तपासून होईपर्यंत थांबले. मोटर अलगद उचलली गेली.

सुट्टीत ती त्यांना शोधत शेडच्या मागे गेली. उस्ताद खाली बसून बाद पट्ट्याचे तुकडे करत होते. अख्खा ठेवला तर कुणीतरी तो पुन्हा हुकाला अडकवतोच. ती त्यांना खेटून बसली. आज तिला हा माणूस फार म्हणजे फारच आवडत होता.

"बाबा, मला वाटलं, आता परत स्टोअरमध्ये. पण तुम्हीही कमाल केलीत हं. इतका बारीक चिरा असलेला पट्टा शोधलात कुठून?"

उस्तादांनी शेवटचा तुकडा कापला. कात्री खाली ठेवली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ऊठ. साहेबांकडे जाऊन येऊ."

"आता कशाला?"

"सांगायला. हा पट्टा सकाळी मीच तपासला होता. दोनदा."