खिडकीतली खुर्ची

पाळणाघराच्या दारात आई आली ती तणतणतच. कडेवर बाळ, बोटाला चार वर्षांची चिमी. चिमीचा डावा डोळा सुजून मिटलेला, कान बटाट्याएवढा. डास चावला की इतरांना ठिपका उठतो, हिला उशी यायची. आईचं बर्फाचं फडकं ठेवून झालं, गुलाबी औषध फासून झालं, नखं कापून झाली, खाजवू नये म्हणून हातांत पायमोजे घालून झाले. डॉक्टर म्हणाले, औषधं पुरे, आता डास थांबवा. म्हणून आज अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत बटणं.

दोन्ही पोरं काढून घेते, असं आईनं उंबऱ्यातच सांगून टाकलं. चिमीनं काढलेल्या चपला लगेच पुन्हा पायात घातल्या.

पाळणाघरवाल्या मावशी जराही गडबडल्या नाहीत. त्यांनी कौतुकानं चिमीची जागा दाखवली. गटाराकडच्या खिडकीत एक इवलीशी खुर्ची. म्हणाल्या, पोरीचं रक्त इतकं गोड, की तीन गल्ल्यांतले डास बाकीच्या गुबगुबीत पोरांना वळसा घालून हिच्याकडे येतात. परवा तर एक म्हातारा डास दुसऱ्याच्या पाठीवर बसून आला. हिला तिथं बसवली की बाकीची पोरं उघडी झोपली तरी चालतं. खिडकीला जाळी बसवायचा विचार होता, पण आता गरज काय?

"माझी पोर म्हणजे डासांची अगरबत्ती वाटली का तुम्हाला?" आई म्हणाली.

तेवढ्यात किराणा दुकानदार आपल्या मुलाला सोडायला आला. काय चाललंय ते कळल्यावर त्यानं खिशातून मलमाची नवी ट्यूब काढून चिमीच्या हातात ठेवली.

"हिला नेऊ नका हो वहिनी," तो म्हणाला. "पोरांचे हाल आमच्यानं बघवणार नाहीत."

आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुलाला आत ढकलून निघूनच गेला.

मावशी पुढं झाल्या. त्यांनी कडेवरच्या बाळाचं झबलं वर केलं. पोट दाखवलं, पाठ दाखवली, तळवे उलटे करून दाखवले. सगळं लोण्यासारखं. कुठं एक ठिपका नाही.

"हेही दिवसभर इथंच असतं ना," मावशी म्हणाल्या.

आई बराच वेळ बाळाची पाठ बघत राहिली. चिमीनं तिचा पदर ओढून विचारलं, घरी जायचं ना? आईनं बाळ मावशींच्या हातात दिलं आणि चिमीसमोर उकिडवी बसली. एकेक करून तिच्या चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

"तू ताई आहेस ना त्याची?"

चिमीनं उघड्या डोळ्यानं बाळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

मग आईनं तिच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. सुजेला धक्का लागू नये म्हणून, अगदी जपून.