तांदळावरचं नाव

“या दोन्हीतलं तुमचं नाव कोणतं?” जुन्या पासबुकावरून आणि आधार कार्डावरून नजर उचलत पोस्टातल्या बाईंनी विचारलं.

“दोन्ही माझीच,” ती म्हणाली. घटस्फोटाचा अर्ज करण्याआधी स्वतःच्या नावाचं सगळं गोळा करा, असं वकीलबाईंनी बजावलं होतं. विम्याचे कागद सापडले, बँकेतलं जॉइंट खातं दोघांनी समजुतीने बंद केलं. अडलं ते या पासबुकापाशी. लग्नाआधी शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे त्यात होते, पण नाव होतं वत्सला. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘रेवती’ लिहिलं आणि वत्सला तिथेच संपली.

“दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं ओळखीच्या माणसाने लिहून द्यायला हवं,” बाई म्हणाल्या.

माहेरचं कुणी उरलं नव्हतं. बाकावर बसून तिने शेवटी नवऱ्यालाच फोन केला. तो अर्ध्या तासात आला. चष्मा लावून त्याने दोन्ही नावं सावकाश लिहिली आणि खाली सही केली.

“तेव्हा तुला विचारलंसुद्धा नाही,” कागदाकडे बघतच तो म्हणाला. “आईने सुचवलं, मी लिहून मोकळा झालो.”

“मीही उखाणा घेऊन मोकळी झाले,” ती हसून म्हणाली.

बाईंनी नव्या खात्याचा फॉर्म पुढे सरकवला. “जुन्या खात्यातले पैसे यात वळवू. आता नाव कोणतं घालायचं ते ठरवा.”

त्याने खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं. या वेळी नाव तिने स्वतः लिहिलं.