भरल्या पोटाची मुळं

शाईने निळी झालेली माझी बोटं पुन्हा मिरचीच्या वाफ्यात शिरली, तशी आत्या ओरडली, "परत उपटलंस? बाळ झोपलंय का बघायला त्याला दर घटकेला उठवतात होय गं?"

मला चैन नव्हतं. मातीतलं अन्न मुळांना आणून देणारी बुरशी मी वाफ्यात मिसळली होती. ती मुळांत शिरली, तर आत्याच्या नर्सरीत राहायचं. नाहीतर सोमवारी पुण्याच्या लॅबमध्ये रुजू व्हायचं. रोपं हिरवीगार होती, पण शाईत रंगवलेल्या मुळांत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचा एकही निळा धागा दिसेना.

"आत्या, यांना काही घातलंस?"

"चिमूटभर डीएपी," ती पुटपुटली. "रोपं जोमात दिसली की तू राहशील, म्हटलं."

मी कपाळाला हात लावला. "अगं, खत आयतं मिळालं की मुळं बुरशीला आत घेतच नाहीत. त्यांना जरा उपाशी ठेवावं लागतं."

तिने खताची पिशवी पायाने मागे सारली.

"सोमवारी दोघी मिळून नवा वाफा करू," मी म्हणाले. "त्याला मात्र हात लावायचा नाही."

"नाही लावत." तिने माझ्या हातातलं रोप काढून घेतलं. "पण तू सकाळपासून जेवली नाहीस. आधी भाकरी खा."