अर्जावरचा शेरा

"झोप उडाली असेल, पुस्तक उघडलं की रडू येत असेल, तर सरळ समुपदेशकांकडे जा. त्यात लाज कसली?" मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना ताई नेहमी सांगायची. ती शेवटच्या वर्षाला, वर्गात पहिली. मुली तिचा शब्द खाली पडू देत नसत.

त्यातली एक जण खरंच गेली. ते विभागप्रमुखांच्या कानावर गेलं आणि तिच्या परीक्षेच्या अर्जावर त्यांनी शेरा मारला, 'मनाने कमकुवत.'

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्ज घेऊन ती तडक त्यांच्या केबिनमध्ये शिरली.

"सर, तिला मी पाठवलं होतं. दुखत असेल तर दाखवायला जाऊ नका, असं आता आपणच शिकवायचं का?"

"तू कशाला मध्ये पडतेस?" सर समजावत म्हणाले. "सुवर्णपदकासाठी तुझी शिफारस आत्ताच लिहिलीय मी. 'कणखर मनाची विद्यार्थिनी' म्हणून."

"मग ते खोडा आणि माझ्याही नावापुढे हाच शेरा मारा. दुसऱ्या वर्षी सहा महिने मीही तिथेच जात होते, सर. गेले नसते, तर पदक घ्यायला आज मी उरलेच नसते."