चूळ

"लिहिलंस ना अहवालात त्या थर्मामीटरवाल्याचं नाव?" दाजींनी पेशंटच्या तोंडातून डोकं न काढताच विचारलं. पेशंटच्या दाढेतली जुनी चांदी ते कोरून काढत होते.

मेहुणी दारात गमबूट घालून उभी होती. तळ्यातल्या माशांत पारा कुठून येतो, हे शोधायला नगरपालिकेनं तिला नेमलं होतं. तळ्यापासून गटाराचं एकेक झाकण उघडत, गाळ तपासत ती गावात वर आली होती. दाजींना असल्या खटाटोपाची गरज नव्हती. ते दातांचे डॉक्टर, वर तळं वाचवा समितीचे अध्यक्ष. शहाणपण नुसतं उतू चाललेलं.

"असल्या लोकांना लाजच नसते गं. आज सभेत त्याच्या कारखान्याला कुलूप लावायचा ठराव करतो. कामगार बसतील घरी, बसू देत. आणि पाय बाहेर काढ, फरशी आत्ताच पुसलीये."

ती तशीच गमबुटानं आत आली.

"त्याच्या दारातला गाळ स्वच्छ निघाला, दाजी."

"मग तू चुकलीस, मेहुणीबाई! गटारात हात घालून घालून डोक्यातही गाळच भरलाय." आणि आपल्याच विनोदावर ते हसले. पेशंटला तोंड मिटता येत नव्हतं, म्हणून तो डोळ्यांनी हसला.

तिनं खुर्चीशेजारच्या बेसिनमध्ये वाकून पाहिलं. दातात भरतात तिला चांदी म्हणायचं, पण निम्मा पाराच असतो.

"इथली चुरा अडवायची गाळणी कुठंय?"

"काढून टाकली. सारखी तुंबायची मेली. का?"

"सगळ्यात जास्त पारा तुमच्या दारातल्या गाळात सापडला. तुमच्या वरच्या अंगाला, पुढच्या झाकणाखाली टिपूसही नाही."

दाजींच्या हातातलं यंत्र थांबलं. "अगं, चिमूटभर भुकटी ती! तिनं तळं नासतं होय? आणि घरच्या माणसाचं नाव लिहिणार तू? ताईच्या तोंडाकडं तरी बघ."

"लिहिलंय. सभेत तुम्हीच वाचा, तुमचा आवाज मोठा आहे."

दाजी लालबुंद झाले. तिच्यावरचा राग पेशंटवर काढत खेकसले, "तुम्ही काय बघताय? चूळ भरा!"

बिचाऱ्यानं चूळ भरली. बेसिनकडं वाकला आणि थबकला. एकदा डॉक्टरकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. गाल टम्म फुगलेले, थुंकायची हिंमत होईना.

तिनं पिशवीतून नमुन्याची रिकामी बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्याच्या तोंडापुढं धरली.