पहिलं गिऱ्हाईक

दार उघडायला इतका वेळ लागला, की अबोली पिशवी उचलून परत निघाली होती. मग मनाचा हिय्या करून तिनं पुन्हा एकदा बेल दाबली, वर हाकही मारली, "मॅडम, आहात का घरात?"

कडी वाजली. दार हातभर उघडलं.

"अहो, हळू! सगळी इमारत गोळा कराल." आतली बाई चाळिशीची होती, नीटनेटकी, पायात चपला. तिनं जिन्यात वर-खाली पाहिलं. "या, आत या."

आत या! इतक्या दिवसांत हे दोन शब्द अबोलीच्या कानावर पहिल्यांदाच पडले.

फार बोलत नाही म्हणून माहेरी तिला पडलेलं अबोली हे नाव सासरीही चिकटलं होतं. शर्टांच्या कारखान्यात ती काजं करायची. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हा शेजारच्या ताईंनी तिला या धंद्यात ओढलं. दुकान नको, भाडं नको. कंपनीचं साफसफाईचं औषध घरोघरी जाऊन दाखवायचं आणि विकायचं. "आज एकटी आहेस, उद्या तुझ्या हाताखाली दहा जणी असतील," ताई म्हणायच्या. नवऱ्यानं मात्र हात जोडले होते. "तू विकणार? अगं, बसमधून उतरायचं असलं तरी कंडक्टरला मला सांगायला लावतेस!"

"काय असेल ते लवकर दाखवा," बाई म्हणाली. "मी निघालेच होते." सोफ्याशेजारी दोन भरलेल्या बॅगा होत्या.

अबोलीनं आधी पाणी मागितलं. बाई स्वयंपाकघरात गेली. एक कपाट उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं, मग तिसरं. शेवटी पाणी आलं ते पातेल्यातून.

"पेले घासायला पडलेत," बाई म्हणाली.

मोठ्या घरची तऱ्हाच न्यारी, असं मनाशी म्हणत अबोलीनं पातेलं तोंडाला लावलं.

"जरा दिवा लावता का? फरक नीट दिसेल."

बाईनं बटण दाबलं. पंखा सुरू झाला. दुसरं दाबलं, बाहेरच्या जिन्यात उजेड पडला. "सगळी मेली सारखीच दिसतात," ती पुटपुटली.

अबोलीनं काचेच्या टेबलावर औषध फवारलं आणि फडकं फिरवलं. "घासायचं नाही, पाणी नको. तेल म्हणा, हातांचे डाग म्हणा, काही म्हणून राहत नाही."

बाई इतका वेळ दाराकडे बघत होती. आता ती टेबलावर वाकली.

"काही म्हणून राहत नाही?"

"नावालासुद्धा नाही."

"लाकडाला चालतं?"

"लाकूड, लोखंड, काच, कशालाही."

"मग ते कपाट करून दाखवा बघू. मुठीसकट."

अबोलीनं कपाट पुसलं. मग खिडकीची कडी, दिव्यांची बटणं, स्वयंपाकघरातली कपाटं. मग आतल्या खोलीतले खण, एकेक करून. बाई मागे मागे फिरत होती आणि लांबूनच बोट दाखवत होती. "हे राहिलं. इकडे खालीही मारा."

"हात नका लावू मॅडम, ओलं आहे."

"छे, छे, आता कशाला लावतेय!"

अबोली गोंधळली. ही बाई माल घेणार, की फुकटात घर पुसून घेणार? शेवटी तिनं चाचरत विचारलं, "तुम्हाला घ्यायचंय ना?"

"म्हणजे काय! ही बाटली मला आत्ताच द्या आणि उद्या डझनभर आणा. आमच्या कामात असलं औषध हवंच."

"तुमचंही काम आहे?"

"आहे की. तुमच्यासारखंच. घरोघरी जावं लागतं."

"कुठल्या कंपनीचं?"

"कंपनी कसली? स्वतःचं आहे. आम्ही दोघी-तिघी मिळून करतो." बाई पहिल्यांदाच हसली. "तुम्हाला जमेल बरं का. फक्त बेल अशी बडवू नका."

अबोलीचं मन भरून आलं. स्वतःचा धंदा असलेली बाई तिला म्हणत होती, की तुला जमेल. बाईनं बॅगा उचलल्या तशी तीच पुढे झाली. "एक माझ्याकडे द्या." बॅग चांगलीच जड होती. दार ओढून घेऊन दोघी बरोबरच जिना उतरल्या, आणि कोपऱ्यावर थांबलेल्या गाडीत अबोलीनं ती बॅग स्वतःच्या हातानं ठेवली.

त्या संध्याकाळी ती घरात अखंड बोलत होती. नवरा "डझनभर?" एवढंच म्हणाला आणि जेवण होईपर्यंत तिच्याकडे बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती बाटल्या घेऊन जिना चढली, तर दार सताड उघडं. सोफ्यावर कोणी निराळीच बाई डोकं धरून बसली होती. पायाशी प्रवासाची बॅग. बहीण आली असावी, अबोलीला वाटलं. पण कालच्या मॅडम कुठे दिसेनात. आणि कपाटापाशी एक माणूस गुडघ्यांवर बसून मुठीवर कसलीशी पावडर ब्रशनं फिरवत होता.

दुसऱ्या कंपनीचा! आणि तोही आपण लख्ख केलेल्या कपाटावर!

"नाही हो बाई," तो माणूस सोफ्याकडे वळून म्हणाला. "मूठ, खण, खिडकी, कुठेच काही राहिलेलं नाही. इतकं स्वच्छ काम मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही."

अबोलीची कळी खुलली. पदर सावरत, ताठ मानेनं ती पुढे झाली.

"मीच केलंय ते!"

सोफ्यावरच्या बाईनं डोकं वर केलं. "ही कोण?"

माणसानं ब्रश सावकाश खाली ठेवला आणि अबोलीच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"हवालदार, दार लावून घ्या."