मोसमाआधीची चाचणी

आइस हॉकीच्या संघात नवीन आलेल्या प्रत्येकाला कॅप्टन लँडन पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगायचा, "स्मरणशक्तीच्या चाचणीत मुद्दाम चुका कर. पुढे डोक्याला मार बसला की ती पुन्हा घेतात, आणि गुण घसरलेले दिसले की बाहेर बसवतात. आधीच कमी असले म्हणजे घसरायची भीती नाही."

गेल्या वर्षी कोल्टनने वीस शब्द ऐकले. वीसच्या वीस आठवत असूनही त्याने अकराच सांगितले.

त्या हिवाळ्यात त्याचं डोकं तीनदा कडेच्या फळीवर आपटलं. तिन्ही वेळा "काही नाही झालं" म्हणत तो बर्फावर परतला, कारण गरगरतंय असं खरं सांगणाऱ्या आयव्हरला पोरं अजून "काचेचं भांडं" म्हणून हाक मारत होती.

उन्हाळ्यात मात्र भर दुपारी, लहानपणापासूनच्या स्वतःच्याच गल्लीत त्याला आपलं घर सापडेना. तेव्हा तो घाबरला.

या वर्षी लँडनचं ऐकायचं नाही, असं त्याने मनोमन ठरवलं. नवे वीस शब्द ऐकले, डोळे घट्ट मिटले आणि डोक्याला ताण देऊन, आठवला तो प्रत्येक शब्द सांगून टाकला.

संघाच्या फिजिओ मॉरीनने दोन्ही वर्षांचे कागद शेजारी ठेवले आणि समाधानाने मान डोलावली.



"अकरा. गेल्या वर्षीही अकराच होते. डोकं ठणठणीत आहे रे तुझं, जा, खेळ."